काळ्या मोटारीतली सतरंजी

आमचं घर दोन खोल्यांचं. पावसाळ्यात त्यातली एकच कोरडी राहायची. आणि दारात मोटार उभी होती. गावात नव्यानं आलेला माणूस आधी मोटारीकडं बघायचा, मग घराकडं, मग पुन्हा मोटारीकडं. पाटोद्याच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून तिला बघून जायची. निजामाच्या अमलात विलायतेहून आलेली ती गाडी, गोल पाठीची, दोन मोठ्या दिव्यांची. पुढच्या जाळीवर कंपनीचं नाव होतं, पण त्यातली निम्मी अक्षरं गळून पडली होती आणि उरलेल्यांवरून कुणाला काही लागत नव्हतं. म्हणून सगळे तिला नुसतं 'काळी' म्हणत. "गुर्जी, काळी सुरू झाली का?" असं लोक विचारायचे, आटलेल्या म्हशीची चौकशी करावी तसं.

गुर्जी म्हणजे माझे वडील. गावच्या शाळेचे हेडमास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते लहान असताना ही गाडी जहागीरदाराची होती. ती धुरळा उडवत गावातून गेली की अण्णा अनवाणी तिच्या मागं पळायचे, आणि एकदा ड्रायव्हरनं त्यांना पायरीवर उभं करून वेशीपर्यंत नेलं होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की ड्रायव्हरच्या मिशा कशा होत्या तेही मला पाठ होतं. पुढं जहागीरदाराची माणसं हैदराबादेला निघून गेली. गाडी वैरणीच्या खोलीत पडली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ती अण्णांनी घेतली. मायच्या पाटल्या त्यात गेल्या. माय त्याबद्दल भांडल्याचं मला आठवत नाही. भाकरी थापताना कधीतरी मनगटाकडं बघून ती म्हणायची, "हात लई हलका झाला बाई." एवढंच.

रविवारी सकाळी गाडी सुरू करण्याचा कार्यक्रम असायचा. अण्णा बनियनवर, हातात लोखंडी हँडल, पुढं वाकून ते गरागरा फिरवायचे. गाडी आधी खोकायची, मग घशात काही अडकल्यासारखी घरघरायची, आणि एकदम गर्जना करून सगळ्या गल्लीतली कुत्री उठवायची. धूर थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. माय आतून ओरडायची, "भाकरीला मोटारीचा वास लागला!" अण्णा तो धूर उदबत्तीचा असावा तसा छातीत भरून घ्यायचे. पेट्रोल नसलं की गाडी जागेवरच थोडा वेळ सुरू ठेवून बंद करायची. मी आणि अक्का मागच्या सीटवर बसून, न हललेल्या गाडीतून बीडला जाऊन यायचो.

हे सगळं सांगताना अण्णांची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. शाळेच्या वस्तूला घरचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा चुकून घरी आला, तर जेवण बाजूला ठेवून ते तो परत ठेवून यायचे. मी एकदा ठिकरीच्या खेळाचे चौकोन आखायला फळ्याखालचा अर्धा खडू आणला होता. अण्णांनी मारलं नाही. ऐन दुपारी त्यांनी मला तो हातात धरून शाळेत नेऊन ठेवायला लावला आणि स्वतः मागून चालत आले. रस्त्यात माणसं विचारत होती, "गुर्जी, पोरीला कुठं नेता उन्हाचं?" अण्णा सांगत होते, "खडू ठेवायला." मला धरणी फाटावी असं झालं होतं. गाव मात्र त्यांच्या या वागण्यावर जीव टाकायचं. जमिनीची वाटणी असो, भावाभावांचं भांडण असो, "गुर्जी म्हणतील ते" असं ठरायचं.

त्या शाळेला वरून एक सतरंजी आली होती. जाड विणीची, लालभडक, कडेनं निळे पट्टे. चित्रकलेच्या मास्तरांनी तिच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव लिहिलं होतं. ती हेडमास्तरांच्या खोलीत, कडुलिंबाचा पाला घालून, गुंडाळी करून उभी असायची. साहेब तपासणीला आले की पसरायची, गेले की झटकून पुन्हा गुंडाळायची. पोरं घरून आणलेल्या पोत्यावर बसायची, ज्यांच्याकडं पोतं नाही ती फरशीवर. "रोज अंथरली तर दोन महिन्यांत चिंध्या होतील," असं अण्णा म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

माझी थोरली बहीण कुसुम, आमची अक्का, लग्नाची झाली तेव्हा मी पाटोद्याच्या हायस्कुलात शिकत होते. अक्का दिसायला उजवी, बोलायला कमी. चकलांब्याकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील मोठे बागायतदार, लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस, आवाज मांडवभर जाईल असा. मुलगा शांत होता, बापासमोर तर तो नसल्यासारखाच असायचा. बघायला आले त्या दिवशी मायनं शिरा केला, धपाटे केले, वर दही. पाहुण्यांनी पोटभर खाल्लं, अक्का पसंत पडली, सुपारी फुटली. आणि उठता उठता भाऊसाहेब म्हणाले, "गुर्जी, मोटारीत बसवा की एकदा. जहागीरदाराच्या गादीवर बसून बघू."

अण्णांना तर तेच हवं होतं. त्यांनी मोठ्या मानानं दार उघडलं. गाडीच्या तळाचा गालिचा केव्हाचा कुजलेला होता. कधीकाळी तो मरून रंगाचा असावा. आता जागोजाग विरून खाली पत्रा दिसायचा, आणि पत्राही गंजून पापडासारखा झाला होता. आम्ही घरचे कुठं पाय ठेवायचा ते जाणून होतो. भाऊसाहेबांना कोण सांगणार? त्यांनी धोतर सावरत भरदार पाय आत ठेवला, वर अंगाचा भार टाकला, आणि कडकन आवाज होऊन पाय गालिचा, पत्रा सगळं फोडून खाली मातीला टेकला. माणूस अर्धा गाडीत, अर्धा बाहेर, एक पाय गाडीच्या पोटाखाली. पत्र्याच्या धारेनं पोटरी खरचटली. चौघांनी धरून त्यांना बाहेर काढलं, माय हळद घेऊन धावली. अण्णा नुसते "अरे, अरे" म्हणत होते.

भाऊसाहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. ओट्यावर बसून, पाय पुढं करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुर्जी, ही मोटार हाय का इहीर?" त्यांच्याबरोबरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. आमच्या गल्लीतलेही हसले. अण्णाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. निघताना भाऊसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पन ध्यानात ठेवा, नवरी ह्याच गाडीतनं यायची. आमचे व्याही मोटारवाले हाईत, असं मी पंचक्रोशीत सांगून ठिवलंय. तेवढं बूड नीट करून घ्या."

पुढच्या रविवारी अण्णांनी गाडी सुरू केली नाही. सीटा काढून अंगणात ठेवल्या आणि तळाचा गालिचा सोलायला बसले. सोलायला म्हणते, कारण तो उचलून निघण्याच्या पलीकडं गेला होता. खुरप्यानं खरवडावा लागला. त्याखालून उंदरांची बिळं निघाली, अंड्यांची टरफलं, कडबा, एक चांदीचा मुलामा दिलेला केसाचा चाप. जहागीरदाराच्या घरातल्या कुठल्या बाईचा असेल, कोण जाणे. अक्कानं तो धुऊन केसांना लावून बघितला आणि पुन्हा काढून ठेवला. सगळ्या अंगणात एक कुबट, गोडसर वास भरून राहिला. पाटोद्याहून वेल्डर येऊन पत्र्याला ठिगळं लावून गेला. अण्णांनी वरून डांबर फासलं, ते वाळल्यावर गोणपाट अंथरलं. मग जुनी वर्तमानपत्रं खळीनं जोडून त्यांनी तळाचे कागदी साचे कापले. मधला उंचवटा, गिअरच्या दांड्याची जागा, पायाशी असलेल्या पेडलांची भोकं, सगळं बसवून बघितलं. शाळेत नकाशा काढताना असायची तशी त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आलेली. तेवढे दिवस ते फार सुखात होते.

आता फक्त वरचा गालिचा राहिला होता. आष्टीला रशीदचाचा म्हणून होते, ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या सीटा शिवायचे. त्यांनी सांगितलं, असा माल इकडं मिळणार नाही, नगरला बघा. अण्णा नगरला जाऊन आले. रिकाम्या हातानं आले आणि न जेवता झोपले. लग्न तोंडावर आलं होतं. जे काय होतं ते कपड्यालत्त्यात, भांड्यांत, मांडवात गेलं होतं. माय म्हणाली, "राहू द्या गोणपाट. वरून माझं जुनं लुगडं शिवून टाकू." अण्णा म्हणाले, "त्यांच्या दारात गाडीचं दार उघडंल तवा तुझं लुगडं दिसंल."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी अण्णा सायकलवरून आले. मागं जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक बांधलेलं होतं. रशीदचाचा हातमशीन आणि कात्री घेऊन अंगणात बसलेच होते. अण्णांनी गुंडाळी सोडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. लाल रंग उन्हात असा पेटला की चाचा उठून उभे राहिले. त्यांनी हात फिरवला, उलटी बाजू बघितली. "गुर्जी, माल तो लई भारी हाय. येला कापायचं? दिल मानत न्हाई."

"कापा," अण्णा म्हणाले.

पण पहिली कात्री त्यांनीच चालवली. त्यांच्याकडचा कोपरा आधीपासून आत दुमडलेला होता. त्यांनी तो न उलगडता तिरपा कापला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी दुसरं टोक धरून समोरच उभी होते. घडी घालताना पांढऱ्या रंगाचा एक काना आणि वरची रेघ दिसली. ते अक्षर मला ओळखू आलं, कारण मी त्याच शाळेत शिकले होते आणि साहेब आल्यावर त्याच कोपऱ्याशी बसवलेली हुशार पोर मीच असायची. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी साचे पसरले आणि खडूनं रेघा ओढायला सुरुवात केली.

मी टोक खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले. माय लग्नातल्या आमटीला लागणाऱ्या येसरासाठी डाळी आणि मसाला भाजत होती. मी म्हणाले, "माय, ती सतरंजी शाळेची हाय." तिनं पाठ वळवली नाही. उलथनं फिरवत म्हणाली, "जिऱ्याचा वास सुटला की कढई उतरव. अन् तू काई पाह्यलं न्हाईस." तेव्हा कळलं की तिला ठाऊक होतं. अक्काला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. ती बाहेर चाचांना चहा देत होती आणि म्हणत होती, "किती छान दिसतंय!"

खरंच छान दिसत होतं. चाचांनी कडांना काळं रेक्झिन शिवलं, खाली टिचबटणं लावली, पेडलांची भोकं गोल बांधून घेतली. गिअरच्या दांड्याभोवती निळा पट्टा असा नेमका आला, जणू तो त्यासाठीच विणला होता. परवा माझ्या नातवानं त्याच्या गाडीला नवीन मॅट मागवल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्या, त्यानं पायानंच सरकवून बसवल्या आणि मला म्हणाला, "आजी, बघ." मी बघितलं. त्या काळ्या रबरावर चप्पल ठेवताना मी अजूनही एकदा पाय मागं घेते, हे त्याला कसं सांगणार? अंगणातल्या त्या दुपारनंतर लग्नापर्यंत मी एकदाही काळीत पाय ठेवला नाही. अण्णांनीही ठेवला नाही. रविवार आले आणि गेले, हँडल खुंटीलाच राहिलं. पाटोद्याच्या रस्त्यानं जीपचा आवाज आला की ते जेवता जेवता उठून बाहेर बघायचे. तपासणीचे साहेब आले असते तर? पण कुणी आलं नाही. शाळेवरून जाताना मला खिडकीतून पोत्यावर बसलेली पोरं दिसायची, आणि मी मान खाली घालून पाय उचलायचे. चोरी बापानं केली होती, पण तोंड मी लपवत होते.

लग्न उन्हाळ्यातलं, दुपारी बाराचं. शाळेच्याच मैदानात मांडव. वऱ्हाड एका टेंपोत आणि दोन जीपांत आलं. बुंदी, भात, वांग्याची भाजी आणि येसराची आमटी. आमटी इतकी जमली होती की लोक वाट्या तोंडाला लावून पीत होते. काळी झेंडूच्या माळा घालून मांडवाच्या तोंडाशी उभी होती, चारी दारं उघडी. वऱ्हाडातल्या बाया वाकून आत बघायच्या, लाल मऊ तळावर हात फिरवायच्या. भाऊसाहेबांनी तर स्वतःहून पाय ठेवून, दाबून, सगळ्यांना दाखवलं. "आता इहीर बुजली बरं का!" म्हणाले. अण्णा तेव्हा पाहुण्यांना पाणी वाढत होते.

जेवणं झाली आणि माइकवर सत्कार सुरू झाले. पाठवणीची वेळ जवळ आली होती. अक्का शालूत, डोळे पुसत, बायांच्या घोळक्यात बसलेली. सरपंच उठले. त्यांनी गावाच्या वतीनं अण्णांना फेटा बांधला आणि बोलायला लागले. मनापासून बोलत होते ते. "या मानसानं उभ्या आयुष्यात शाळेचा खडूचा तुकडा घरी नेला न्हाई. पोरीला भर उन्हात खडू परत ठिवायला लावलं, ते आमी डोळ्यानं पाह्यलंय. असा बाप ज्या पोरीला मिळाला, तिला सोन्याची काय गरज?" टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडं बघून हसले, ती खडूवाली पोर मीच होते ना. मी हसले नाही. मी मायकडं बघितलं. माय अण्णांकडं बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती, नाही, नाही.

अण्णा माइकपाशी गेले. आभार मानतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी आधी फेटा उतरवला आणि खुर्चीवर ठेवला.

"मंडळी," ते म्हणाले, "त्या मोटारीत खाली जे लाल दिसतंय, ती आपल्या शाळेची सतरंजी हाय. मी आणली. मी कापली. कुनाला इचारलं न्हाई." खुर्चीवरच्या फेट्याकडं बघून म्हणाले, "सरपंच बोलले ते मला घेता यायचं न्हाई."

माइक गुणगुणत राहिला. मांडवात लहान पोरांचे आवाज तेवढे चालू होते. मग एकेक जण मान वळवून काळीकडं बघायला लागला, आणि मग माझ्या बहिणीकडं. ती त्यांची नजर मी कधी विसरले नाही. चोरी ऐकल्यावर लोक चोराकडं बघत नाहीत, त्याच्या माणसांकडं बघतात. मला वाटलं, जाऊन अण्णांच्या हातातून तो माइक ओढून घ्यावा. चोरीची लाज मला होतीच, पण त्यांनी ती अशी चारचौघांत उघडी केली याची लाज त्याहून मोठी वाटली. सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं असतं?

भाऊसाहेब उठले. त्यांचा आवाज चढला नाही. "गुर्जी, घरात सांगायची गोष्ट मांडवात सांगत नसतात. आता आमची सून ह्या गाडीत बसवून मी गावात नेऊ? लोक इचारतील, लाल कापड कुठलं? काय सांगू?"

अक्काचा नवरा पहिल्यांदाच बोलला, "बाबा, बसू द्या की. झालं ते झालं."

"तू गप बस बे," भाऊसाहेब म्हणाले, आणि माणसांना हाक मारली, "टेंपो लावा इकडं."

टेंपोत भाड्याच्या सतरंज्या, पातेली आणि ताशावाल्यांचं सामान होतं. एका बाजूला जागा करून पोतं टाकलं. अक्काला दोन बायांनी हाताला धरून वर चढवलं. शालूचा काठ टेंपोच्या फळीला अडकला, तो मीच सोडवला. अण्णा खाली उभे होते, हात जोडल्यासारखे अर्धे वर आलेले. अक्का मायच्या गळ्यात पडली होती, माझ्याही पडली होती. अण्णांच्या मात्र पाया पडली नाही. टेंपो निघाला तेव्हा तिनं एकदा काळीकडं बघितलं, माळा घातलेली, दारं तशीच उघडी, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडीतली सतरंजी काढली. रेक्झिनच्या कडा उसवल्या, तुकडे शाळेच्या फरशीवर पसरले आणि दाभण-सुतळी घेऊन जोडायला बसले. मी सोबत होते, मायनं पाठवलं होतं म्हणून. कापलेलं सगळं जुळलं, पण गिअरचं भोक आणि पेडलांची भोकं तशीच राहिली, त्यांचे कापलेले गोल चाचांनी कुठं टाकले कोण जाणे. खिशात ठेवलेला कोपराही अण्णांनी जागच्या जागी शिवला. त्यांनी स्वतःच वर कळवलं. चौकशी झाली, हेडमास्तरकी गेली, आष्टी तालुक्याच्या पार टोकाला बदली झाली, घर गावातच राहिलं. गावानं त्यांना थांबवलं नाही आणि हाकलूनही दिलं नाही. वाटणीच्या भांडणांना मात्र त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. सतरंजी आता रोज अंथरली जायची, ठेवून तरी कशासाठी ठेवायची? पोरं भोकांवर बसायला भांडायची आणि त्यातून पायाचे अंगठे बाहेर काढून एकमेकांना दाखवायची. हायस्कुलात माझं नाव 'सतरंजी' पडलं. पुढं कॉलेजला बीडला गेल्यावर मी मैत्रिणींना सांगायचे की आमची शेती आहे.

अक्काचं सासर वाईट नव्हतं. नवरा जीव लावणारा निघाला. पण भाऊसाहेबांनी ती गोष्ट जन्मभर पाहुण्यांना सांगितली, प्रत्येक वेळी नव्यानं रंगवून, आणि अक्का प्रत्येक वेळी आतून चहा घेऊन आली. ती माहेरी यायची, सणाला, मायच्या आजारपणात. अण्णांशी ती बोलायचीच नाही असं नाही. "जेवता का?", "पाणी देऊ?" एवढं बोलायची. अण्णांनी कधी काही विचारलं नाही. काळी पुढं पुण्याचा कुणी शौकीन घेऊन गेला. अण्णांनी तिचं दार लावून दिलं आणि ती वेशीपर्यंत जाईस्तोवर उभे राहिले.

शेवटची वर्षं अण्णा माझ्याकडं बीडला होते. पलंगावरच असायचे. अक्का त्यांना बघायला आली, तेव्हा तिचेही केस पांढरे झाले होते. भाऊसाहेब आणि माय दोघंही गेली होती. ती खुर्ची ओढून अण्णांजवळ बसली आणि मोसंबी सोलायला लागली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. साली ताटलीत टाकत, वर न बघता ती म्हणाली, "अण्णा, एक इचारू का?"

"इचार."

"माझ्याच लग्नात का म्हून सांगितलं? मी गेल्यावर सांगायचं होतं. एका दिवसानं काय बिघडत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला गोळा करून सांगितलं असतं, तरी चाललं असतं मला."

अण्णांनी वरच्या पंख्याकडं बघितलं. मग ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नसतं गं, कुसुम."

अक्काचे हात थांबले. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, असं सरळ तिनं लग्नानंतर कधी बघितलेलं मला आठवत नव्हतं. मग तिनं एक फोड घेतली, तिच्यावरचा पांढरा पापुद्रा नखानं काढला, बी काढली, आणि त्यांच्या ओठांशी धरली. अण्णांनी तोंड उघडलं. मी कप घेऊन तशीच मागं वळले, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला, मोठा.